पासवर्ड ऑपरेटरकडे, प्रशिक्षण साहेबांना

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरले आणि 94 कोटी रुपये गेले. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, मग सोलापुरातल्या पतसंस्था आणि टॉवेल कारखान्यांचे काय? तिथल्या संगणकावर आपलीच कंत्राटी मुले-मुली बसतात. पासवर्ड त्यांच्याकडे, प्रशिक्षण (झालेच तर) साहेबांना. फसवी लिंक उघडली गेली की पहिली नोटीस कोणाला, हे आम्ही सांगायला नको.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संस्थेवर आहे, ऑपरेटरवर नाही. दंड 250 कोटींपर्यंत. म्हणून कामावर घेतानाच, मराठीतून आणि पगारी वेळेत प्रशिक्षण मागायला हवे. तोवर रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास आम्ही यासाठी मागतो आहोत: साहेबांच्या नावाने फोन आला तरी ओटीपी द्यायचा नाही, पैसे गेलेच तर लगेच 1930.