लाकडी बैल आणि विमानाचे कॉकपिट

नेरहून बडनेऱ्याकडे जाणारी एस.टी. बेलोऱ्याच्या शिवाराजवळ आली, की खिडकीकडच्या उतारूंच्या माना अलीकडे आपोआप एका बाजूस वळतात. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावरून अमरावती–मुंबई ही प्रवासी सेवा सुरू झाली, तेथील १,८५० मीटर लांबीच्या धावपट्टीवर अलायन्स एअरचे एटीआर ७२ जातीचे विमान उतरू लागले, आणि त्याच विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याचा आपला संकल्प एअर इंडियाने २०२४ मध्येच जाहीर केलेला होता. ही सेवा सुरू झाल्यापासून तिने कोणाचे किती भले होणार, याचा हिशेब वऱ्हाडातील कचेऱ्यांत आणि बाजारपेठांत मांडला जात आहे. जमिनीचे भाव, व्यापाऱ्यांची सोय, हॉटेले, मोटारी, नोकऱ्या हे सारे विषय रास्तच आहेत. परंतु नेर तालुक्यातील ज्या मुलामुलींना त्या विमानाचे तिकीट काढण्याचा योग केव्हा येईल याची शाश्वती नाही, त्यांच्या बुद्धीला या विमानापासून काय लाभणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्या प्रश्नाचे एक उत्तर मला सुचते, ते येथे मांडतो. नेरसारख्या तालुक्याच्या गावी, एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, पंधरा-वीस विद्यार्थ्यांनी एकत्र बसून, बेलोऱ्यास येणाऱ्या एटीआर ७२ विमानाचे कॉकपिट संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरसाठी सांगोपांग घडवावे. आणि सांगोपांग म्हणजे अगदी शेवटच्या खटक्यापर्यंत, शेवटच्या दिव्यापर्यंत घडवावे.

हा तर नुसता खेळ, असे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्याच अंगणातील तान्हा पोळा आठवावा. पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी विदर्भातील गावोगावी मुले आपापले लाकडी बैल सजवून मिरवीत नेतात. त्या बैलाने कधी कोणाचे वावर नांगरले नाही. तरीही शिंगांची ठेवण बरोबर आहे की नाही, वशिंड जागच्या जागी आहे की नाही, वेसण, झूल, घुंगरमाळ यांत काही उणे राहिले की काय, हे पाहताना लहान मूल खऱ्या बैलाकडे कधी पाहिले नव्हते इतक्या बारकाईने पाहू लागते, आणि ज्या प्राण्यावर घरादाराचा संसार चालतो त्याची ओळख त्याच्या हातांना आणि डोळ्यांना कायमची होते. प्रतिकृती घडविणे ही शिक्षणाची फार जुनी रीत आहे, आणि आमच्या पूर्वजांनी तिला सणाचे स्थान दिले आहे. शिवारात आता नवे यंत्र आले असेल, तर त्याचीही प्रतिकृती मुलांच्या हातून घडली पाहिजे.

सिम्युलेटर या वस्तूचा जन्मही असाच एका कारागिराच्या घरात झाला. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. आपल्याकडील भजनी मंडळातील पेटीला जसा भाता असतो, तसे भाते, झडपा आणि पंप यांच्याशी लहानपणापासून परिचय असलेल्या या तरुणाने १९२९ मध्ये त्याच सामग्रीतून एक लहानसे खोटे विमान तयार केले, जे जमिनीवरच राहून चालकाच्या हालचालींप्रमाणे झुकत व वळत असे. प्रारंभी त्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. परंतु १९३४ मध्ये अमेरिकी सैन्यदलाकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले, ढगांत आणि अंधारात केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची सवय नसल्यामुळे एकामागून एक वैमानिक प्राणास मुकले, आणि मग सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. आज सहा पायांवर डोलणारी, कित्येक कोटी रुपये किमतीची जी प्रचंड सिम्युलेटरे वैमानिकांना शिकविण्यासाठी वापरली जातात, त्यांचे मूळ त्या भात्यांत आहे.

नेरच्या विद्यार्थ्याला कोटींची गरज नाही. फ्लाइटगिअर नावाचे एक सिम्युलेटर १९९६ मधील एका प्रस्तावातून, जगभरातील हौशी स्वयंसेवकांच्या परिश्रमाने आकारास आले. ते विनामूल्य आहे, आणि त्याचा परवाना असा आहे, की कोणीही त्याचे अंतरंग उघडून पाहावे, त्यात बदल करावा, मात्र ते पुढे देताना मूळ कर्त्यांची नावे राखावी आणि पुढच्यालाही तोच हक्क द्यावा. त्यातील विमान म्हणजे एक फोल्डर असते आणि त्या फोल्डरमधील बहुतेक दप्तर साध्या मजकुराच्या स्वरूपात वाचता येते. कुलूप लावलेल्या यंत्रातून मुलाला वापरणे तेवढे शिकता येते, पण उघड्या यंत्रातून ते घडविणेही शिकता येते. म्हणून या कामासाठी मी याच प्रणालीची शिफारस करतो.

कामाचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. प्रथम कॉकपिटचा सांगाडा ब्लेंडर या विनामूल्य प्रणालीत मापाबरहुकूम रचावा लागतो आणि त्यावर रंग, अक्षरे, आकडे चढवावे लागतात. एवढ्याने जे तयार होते तो केवळ देखावा असतो. सिम्युलेटरच्या पोटात वेग, उंची, इंधन, बॅटरीचा दाब अशा असंख्य मूल्यांचा एक वृक्ष क्षणोक्षणी बदलत असतो. प्रत्येक काटा त्या वृक्षाच्या कोणत्या पानाशी बांधावा, किती मूल्याला तो किती अंश फिरावा, कोणता खटका दाबला असता कोणत्या बसबारला, म्हणजे वीज वाटणाऱ्या पट्टीला, वीज मिळावी, आणि ती वीज नसेल तर कोणता पडदा काळाच राहावा, हे सारे घडविणाऱ्याला ठरवावे लागते. उंचीमापक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो, वेगदर्शक समोरून येणाऱ्या हवेचा दाब आणि भोवतालच्या स्थिर हवेचा दाब यांच्यातील फरक मोजतो. हे कळल्यावाचून ते काटे बरोबर हलवता येत नाहीत. अकरावी-बारावीच्या पुस्तकातील जे पदार्थविज्ञान परीक्षेपुरते पाठ केले जाते, ते येथे एका काट्याच्या थरथरीत जिवंत होते.

या कामात बारकाव्याचे मोल किती, हे सांगणारी एक जुनी हकीकत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच चाके मिटून पोटावर आदळत असत. आल्फॉन्स शॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहणी केली, तेव्हा चाकांचा खटका आणि पंखांच्या मागील फ्लॅपचा खटका अगदी शेजारी व सारख्याच घडणीचे असल्याचे आढळले. थकलेल्या वैमानिकाचा हात चुकत होता. त्याने एका खटक्यावर रबरी चाक बसविले आणि दुसऱ्यावर फ्लॅपच्या आकाराचा तुकडा, आणि तो घोटाळा थांबला. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची मूठ पंखासारखी असावी, असा नियमच आहे. प्रतिकृती घडविणारा विद्यार्थी जेव्हा त्या दोन मुठींचे आकार निरनिराळे काढतो, तेव्हा माणसाच्या चुकीचा दोष त्या माणसावर ढकलण्यापूर्वी वस्तूची घडण तपासावी, हा एक मोठा धडाही तो गिरवीत असतो.

दुसरी हकीकत आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची आणि फार वेदनेची आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७, ‘एम्परर अशोक’, मुंबईहून दुबईस जाण्यास निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ माणसे मरण पावली. समुद्रावर काळोख असल्यामुळे बाहेर क्षितिज दिसत नव्हते. कप्तानासमोरील कृत्रिम क्षितिजाचे उपकरण बिघडून विमान उजवीकडे कललेले दाखवीत राहिले, आणि ते सरळ करण्यासाठी म्हणून विमान डावीकडे अधिकाधिक कलविले गेले. सहवैमानिकासमोरील उपकरण खरी स्थिती दाखवीत होते. मोठ्या विमानात कृत्रिम क्षितिजे दोन बाजूंस दोन आणि मधे राखीव एक, अशी तीन का असतात, याचे उत्तर या एका रात्रीत सामावले आहे.

आता घाईने केलेल्या प्रतिकृतीत काय होते ते पाहा. ही तिन्ही उपकरणे मूल्यवृक्षाच्या एकाच पानाशी बांधली जातात. ती नेहमी एकमेकांशी जुळतात आणि पाहणाऱ्याला सारे यथास्थित भासते. पण त्या कॉकपिटमध्ये १९७८ ची ती रात्र घडूच शकत नाही, आणि म्हणून तीतून काही शिकताही येत नाही. निष्ठेने काम करणारा मनुष्य तिन्ही उपकरणांना निरनिराळे स्रोत देतो, निरनिराळी वीज देतो, त्यांतले एक बिघडू शकेल अशी तजवीज करतो, आणि साक्षी तीन असताना खोटे कोण बोलत आहे हे ओळखण्याचा प्रसंग आपल्या कॉकपिटमध्ये उभा करतो. ‘सांगोपांग’ या शब्दावर मी भर देतो तो याच कारणासाठी. नुसता रंगविलेला, दाबल्यावर काहीच न करणारा खटका हे एक लहानसे असत्य असते. विद्यार्थिदशेत ज्याला अशा असत्याची चीड येऊ लागली, तो पुढे पुलाचे नकाशे काढो, औषधाची मात्रा मोजो की तहसिलीत सात-बाराचे उतारे लिहो, त्याच्या कामावर समाजाला विश्वास टाकता येईल.

या योजनेवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा, की यातून वैमानिक होणार नाही. हे मान्य आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास २०० तासांचे उड्डाण लागते, त्याचा खर्च लाखो रुपयांच्या घरात जातो, आणि घरच्या संगणकावर घालविलेला एक तासही त्यात जमा धरला जात नाही. माझी अपेक्षाही ती नाही. विमानाची वीजव्यवस्था समजून घेणारा विद्यार्थी जिनिंगच्या कारखान्यातील नियंत्रणपेटी उघडण्यास बिचकणार नाही, आणि पिकावर फवारणी करणारे ड्रोन बिघडले तर ते दुरुस्तीसाठी दूरच्या शहरी पाठविण्यापूर्वी आपण होऊन तपासून पाहील.

दुसरा आक्षेप भाषेचा. विमानाच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत असतात हे खरे; परंतु शब्दकोश उशाशी घेऊन एखादे कठीण पुस्तक गरजेपोटी वाचणे हा भाषा शिकण्याचा राजमार्ग आहे, आणि त्या मुलांनी प्रत्येक खटक्याचे काम मराठीत लिहून काढले तर आमच्या भाषेतही एक उपयुक्त ग्रंथ जन्मास येईल. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: कापूस आणि सोयाबीन यांच्या भावाने गांजलेल्या जिल्ह्यात ही चैन कशासाठी? माझे नम्र उत्तर असे, की ज्या घरात पिकाचा भरवसा उरलेला नाही, त्या घरातील मुलाला हाताच्या आणि बुद्धीच्या कौशल्याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, आणि संगणकावाचून येथे दुसरे भांडवल लागत नाही.

शासनाकडे यासाठी नव्या खात्याची मागणी करण्याचे कारण नाही. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेत निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. जिल्हा नियोजन समितीच्या तरतुदीतून चार-सहा चांगले संगणक तालुक्याच्या ठिकाणी देणेही अशक्य नाही. बेलोऱ्याच्या विमानतळाने आणि तेथील प्रशिक्षण संस्थेने या मुलांसाठी महिन्यातून एक तास एखादा जाणकार मनुष्य द्यावा, एवढीच माझी विनंती आहे. काम एका वर्षात संपणार नाही. अशा एकेका कॉकपिटला कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे लागतात. म्हणून एका तुकडीने जेथे सोडले तेथून पुढच्या तुकडीने हाती घ्यावे, असा शिरस्ताच पडावा.

एटीआर ७२ विमानात जमिनीवर असताना वीज पुरविणारे वेगळे लहान इंजिन नसते. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून ते इंजिन नुसते चालू ठेवण्याची सोय असते, आणि त्यातून विमानाला वीज व हवा मिळते. सामानाचा कप्पा पुढे असल्यामुळे प्रवासी मागच्या दाराने चढतात. उद्या नेरची एखादी मुलगी आपल्या वडिलांबरोबर बेलोऱ्याच्या त्या मागच्या दाराकडे चालत जाईल. उजवीकडील इंजिन घरघरत असून पंखा मात्र निश्चल का, असे वडील विचारतील. आणि ज्या खटक्याने तो पंखा थांबतो तो खटका आपल्या हाताने घडविल्यामुळे, ती त्यांना ते चार वाक्यांत, आपल्या वऱ्हाडी बोलीत समजावून सांगेल. विमानतळाच्या खर्चातील नेरचा वाटा त्या चार वाक्यांनी वसूल झाला असे मी समजेन.