चिठ्ठीत राहून गेलेली शिफारस

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेला परतूर तालुक्यातील एखादा शेतकरी जालन्याच्या अथवा छत्रपती संभाजीनगरच्या इस्पितळातून गावी परततो, तेव्हा त्याच्या चिठ्ठीत औषधांची यादी असते, फार तर भौतिकोपचाराची शिफारस असते. परंतु एका हाताने भाकरी कशी मोडावी, सदरा चढविताना दुर्बल हातच प्रथम बाहीत का घालावा, शौचालयात आधाराचा दांडा कोठे बसवावा, हे शिकविणारे व्यवसायोपचार नावाचे स्वतंत्र शास्त्र आहे, याची दखल त्या चिठ्ठीत बहुधा नसते.

याला मी वैद्यांची बेपर्वाई म्हणणार नाही. व्याधीचे निदान आणि तिचे निर्मूलन हीच ज्या शिक्षणाची परिसीमा, त्यातून बाहेर पडणाऱ्यास व्यवसायोपचार हे भौतिकोपचाराचेच एक उपांग वाटावे, हे स्वाभाविक आहे. वस्तुतः भौतिकोपचाराचा मुख्य भर स्नायूंचे बल आणि सांध्यांची हालचाल यांवर असतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्या हालचालीतून माणसाचा नित्यक्रम पुन्हा उभा करतो, आणि जेथे शरीर बदलत नाही तेथे अवजार, घर आणि कामाची रीत बदलतो. सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रात बोटे सापडलेल्या मजुराची शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली, तरी योग्य वेळी योग्य आधारपट्टी आणि क्रमाक्रमाने वाढविलेले हाताचे काम त्यास लाभले नाही, तर सांधे आखडतात, स्नायुबंध चिकटतात, आणि शल्यविशारदाचे कौशल्य व्यर्थ जाते. म्हणून ती शिफारस वेळेवर होणे हा उपचाराचाच भाग होय.

हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय काढले, आणि १९५२ साली व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक संघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. परतूर त्या काळी हैदराबाद राज्यातील परभणी जिल्ह्यात मोडत असे; मुंबईचे वारे येथवर पोहोचले नाही, हे समजण्यासारखे आहे. आज मात्र ती सबब उरलेली नाही.

वैद्यक आणि परिचर्या शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास काही दिवस व्यवसायोपचार विभागात बसविण्याचा हुकूम निघावा, परतूरच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी तज्ज्ञ येण्याची तजवीज व्हावी, आणि तोवर येथील डॉक्टरांनी रुग्णास घरी धाडण्यापूर्वी त्यास स्वतः जेवता, नाहता, कपडे करता येतात काय, एवढे विचारून उत्तर चिठ्ठीत नोंदवावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.