मधल्या जागेची ओढ

भोसल्यांच्या वाड्यामुळे नागपूरकरांच्या ओळखीच्या झालेल्या सक्करदऱ्याला तलावही आहे. अशा कोणत्याही तलावाच्या काठी उभे राहून चार मुरमुरे पाण्यात टाकावेत आणि गंमत पाहावी. बारीक मासोळ्या येतात त्या घोळक्याने. त्यांतच वरून खंड्याची चाहूल लागली, की त्या एकमेकींना अधिकच बिलगतात. ‘एकी हेच बळ’ हा धडा आपण मुलांकडून घोकून घेतो. मासोळ्यांना तो कोणी शिकवला?

१९७१ साली हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने याचे मोठे मार्मिक उत्तर दिले. त्याने एक तळे कल्पिले. काठाने बेडूक बसले आहेत. पाण्यातून साप डोके काढणार आणि सर्वांत जवळचा बेडूक उचलणार. मग प्रत्येक बेडूक काय करील? दोन शेजाऱ्यांमधल्या फटीत उडी मारील! पाहता पाहता साऱ्यांचा ढीग होतो. एकीचा विचार कोणाच्याच मनी नसतो. ज्याला त्याला हवी असते मधली जागा.

मासोळ्यांचेही तसेच. शंभरांतली एक जाणार असेल, तर ती आपणच असण्याची धास्ती शंभरांश उरते. शिवाय शिकारी गोंधळतो. एकाच वेळी दोन चेंडू आले, की चांगला खेळाडूही दोन्ही झेल सोडतो ना? १९८६ साली लँडो आणि टर्बॉर्ग यांनी बास नावाच्या शिकारी माशापुढे रुपेरी मासोळ्या सोडल्या. एकटी असली की ती चटकन सापडे. घोळक्यापुढे मात्र त्याचा नेम चुके. पण आठांत एकदोन निळ्या रंगवून सोडल्या, की शिकार पुन्हा साधे. घोळक्यात राहायचे तर चारचौघींसारखे दिसावे लागते, ते असे!

समुद्रातल्या तारल्या आणि बांगडे याच युक्तीवर जगत आले. पण माणसाचे जाळे एकेक मासा वेचीत नाही. अख्खा घोळका घेरते. तिथे मधली जागाच सर्वांत वाईट. हितोपदेशातली कबुतरे जाळ्यासकट उडून गेली. माशांना ती सोय नाही. संकट येताच ते आणखी जवळ येतात आणि जाळ्याचे काम सोपे करतात. खंड्याला फसवणारी युक्ती जाळ्याला फसवीत नाही. म्हणूनच पावसाळ्यातली मासेमारीबंदी पाळायची, ती आपण. आखडता हात माणसालाच घेता येतो.