'चालू हजेरी' ही कुणाची रूढी?

करमाळ्याहून टेंभुर्णीकडे जाताना रस्त्याच्या कडेला खडी पसरणाऱ्या एका मावशींना आम्ही विचारले, "मावशी, हजेरी किती मिळते?" मावशींनी आकडा सांगितला नाही. "जी चालू हाय ती," एवढेच म्हणाल्या. शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाने लगेच री ओढली, "चालू रेटनंच देतो दादा, कुणाला कमी नाही." पुरुषाची चालू हजेरी वेगळी आणि बाईची वेगळी, हे त्याच्या हिशेबात 'कमी देणे' नव्हतेच.

हा 'चालू' शब्द आमच्या डोक्यातून जात नाही. सरकारी कागदांत आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांत यालाच 'प्रचलित मजुरी दर' म्हणतात. ऐकायला शब्द निरुपद्रवी आहे. बाजारात जो चालतो तो दर, त्यात काय वाईट? पण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दारोदार भाकरी मागून आणली, त्यांनी तरी 'प्रचलित' हा शब्द ऐकला की कान टवकारले पाहिजेत. बलुतेसुद्धा प्रचलितच होते. महाराने सरकारी टपाल पोहोचवायचे, सारा भरायला माणसे बोलवायची, गावात येणाऱ्या अंमलदाराची सरबराई करायची, रात्री-अपरात्री धावायचे, आणि या सगळ्याचा मोबदला काय, तर रूढीने जो ठरेल तो. ना वेळेची मर्यादा, ना रोख पगार. मार्च 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते या 'प्रचलित'वर घाव घालण्यासाठीच. काम सरकारचे असेल तर पगार सरकारने द्यावा आणि बलुत्याचे रूपांतर पैशात व्हावे, अशी ती मागणी होती. बलुते थोडे वाढवून द्या, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. मोबदला ठरवण्याचा अधिकारच त्यांनी रूढीच्या हातातून काढून घ्यायला निघाले होते.

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना 11 एप्रिल 1946 रोजी त्यांच्याच खात्याने मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतन विधेयक आणले. पुढे त्याचा 1948 चा कायदा झाला. 'किमान' आणि 'प्रचलित' हे दोन शब्द एकमेकांच्या विरोधात उभे आहेत, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावे. प्रचलित दर म्हणजे भुकेला माणूस जेवढ्यावर कामाला तयार होतो तेवढा. किमान दर म्हणजे माणूस कितीही भुकेला असला तरी ज्याच्या खाली त्याला राबवून घेता येणार नाही तो. त्या कायद्याच्या अनुसूचीत कुठली कामे होती? रस्ते बांधणे व दुरुस्त करणे, इमारतीचे बांधकाम, दगड फोडणे, खडी तयार करणे, कातडी कमावणे, विड्या वळणे. ही यादी वाचताना आपल्याला आपल्याच वस्तीची जनगणना वाचल्यासारखे वाटते.

आता दुसरा शब्द घ्या. बांधकामावरच्या अकुशल मजुराला आपण काय म्हणतो? बिगारी. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी, रोलरमागचा बिगारी. वेठबिगारीतला तो हाच बिगारी. राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीला बंदी घातली, पण शब्द रस्त्यावर तसाच राहिला, आणि शब्दामागचा व्यवहारही.

हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही, सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे. दिल्लीतल्या 1982 च्या आशियाई खेळांसाठी पूल, रस्ते आणि स्टेडियम बांधले जात होते. मजुरी दिवसाला 9 रुपये 25 पैसे ठरलेली होती. जमादार त्यातला एक रुपया कापून घ्यायचा आणि मजुराच्या हातात 8 रुपये 25 पैसे ठेवायचा. न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हे अनुच्छेद 23 मधले सक्तीचे श्रम आहेत. कुणी डोक्याला बंदूक लावली नसेल, पण उपासमारीची सक्ती हीसुद्धा सक्तीच. पुढच्याच वर्षी, 1983 मध्ये, संजीत रॉय विरुद्ध राजस्थान राज्य हा निकाल आला. तिथे काम होते मदनगंज-हरमाडा रस्त्याचे, दुष्काळी कामावरचे, आणि मजूर होते बहुतांश अनुसूचित जातींच्या बायका. आम्ही दुष्काळात लोकांना मदतच तर करतोय, मग किमान वेतन कशाला, हा राजस्थान सरकारचा पवित्रा होता. दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट देणारा 1964 चा एक कायदाही त्यांनी पुढे केला. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने तो पवित्रा फेटाळला. दुष्काळग्रस्ताकडून काम करून घेऊन त्याला किमान वेतन नाकारता येत नाही, कारण तो भीक मागत नाही, रस्ता बांधून देतो.

करमाळ्याच्या माणसाला हे वेगळे सांगायची गरज नसावी. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती आणि सोलापूर जिल्हा त्या होरपळीच्या मध्यभागी होता. आपल्याकडच्या कितीतरी रस्त्यांखाली आपल्या आजीने फोडलेली खडी आहे. आजीला विचारले तर सुकडीची चव आठवते, मजुरीचा आकडा आठवत नाही. आकडा तिला कुणी सांगितलाच नव्हता.

आता आजच्या आकड्यांकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे.

केंद्र सरकारने जानेवारी 2017 मध्ये बांधकाम व रस्तेकामासाठी मूळ किमान वेतन ठरवले. अकुशल मजुराला 'अ' क्षेत्रात दिवसाला 523 रुपये, 'ब' क्षेत्रात 437 आणि 'क' क्षेत्रात 350. त्यावर दर सहा महिन्यांनी महागाईभत्ता वाढतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून 'अ' क्षेत्रातला अकुशल दर 783 रुपये झाला, अर्धकुशल 868 आणि कुशल 954. मोठी शहरे 'अ' आणि 'ब' मध्ये. जी नावे कुठल्याच यादीत नाहीत ती सगळी 'क' मध्ये. करमाळा अर्थातच 'क'.

म्हणजे कंत्राटदार एकच, डांबर एकाच प्लँटचे, ऊन एकच, उलट आपल्याकडचे जरा जास्तच. पण मोठ्या शहराच्या हद्दीत त्या कामाला 523 चा पाया आणि करमाळ्याच्या माळावर 350 चा. एक तृतीयांश मजुरी हद्दीवरच गळून पडते. राज्य सरकारच्या अधिसूचनांतही हीच तऱ्हा आहे, तिथे क्षेत्राऐवजी 'परिमंडळ' म्हणतात. खेड्यात राहणे स्वस्त असते, हे यामागचे कारण. स्वस्त? गॅस सिलिंडर करमाळ्यात स्वस्त मिळतो? मुलाला पुण्याला शिकायला ठेवायचे तर खोलीभाडे 'क' क्षेत्राच्या दराने लागते? खेड्यातले जगणे स्वस्त दिसते, कारण खेड्यातल्या गरजा मोजल्याच जात नाहीत. बाबासाहेबांनी घटना समितीत गावगाड्याचे वाभाडे काढले, तरी गावाला 'क' दर्जा देणारी नजर अजून सरकारी कागदात टिकून आहे.

आणि टोल? 2008 च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत चारपदरी रस्त्यासाठी कारला किलोमीटरमागे 65 पैसे आणि बस-ट्रकला 2 रुपये 20 पैसे असा मूळ दर ठरला. त्यात अ, ब, क क्षेत्रे नाहीत. माळरानातला किलोमीटर आणि शहराजवळचा किलोमीटर सारखाच महाग. रस्ता विकताना सगळा देश एक असतो, रस्ता बांधून घेताना मात्र त्याचे तीन तुकडे होतात.

बरे, 'क' क्षेत्राचा का होईना, तो दर तरी मिळतो का? रस्त्याच्या प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक असते. ते हवेत तयार होत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते, केंद्रीय रस्ते मंत्रालयाचे दर-विश्लेषणाचे मानक पुस्तक असते. एक घनमीटर खडीकरणाला किती मजूर-दिवस लागतील आणि एका मजूर-दिवसाला किती रुपये, हे त्यात मांडलेले असते. त्यावर कंत्राटदाराचा वरखर्च, आणि या सगळ्यावर 10 टक्के नफा. म्हणजे मजुराच्या मजुरीवरसुद्धा कंत्राटदार रीतसर नफा घेतो. शिवाय मोठ्या कंत्राटांत महागाई वाढली की मजुरीच्या हिश्शाची भाववाढ त्याला मिळण्याची तरतूद असते. सरकार मजुरीचे पैसे मोजते. कंत्राटदार पोटकंत्राटदाराला काम देतो, पोटकंत्राटदार मुकादमाला, मुकादम उचल देऊन टोळी आणतो. ऊसतोडीच्या तालुक्यात उचल म्हणजे काय हे समजावायला नको. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते आणि शेवटी जे उरते त्याला नाव मिळते 'चालू हजेरी'.

त्यामुळे सरकारकडे मजुरीसाठी पैसे नाहीत, हे आम्हाला कुणी सांगू नये. पैसे अंदाजपत्रकात आहेत. ते बिगाऱ्याच्या हातात नाहीत, एवढेच.

'प्रचलित दर' हा शब्द अमेरिकेत मजुरांच्या बाजूने वापरला जातो, असे आमचे काही शिकलेले मित्र सांगतात. खरे आहे, पण अर्धेच. तिथे 1931 मध्ये डेव्हिस-बेकन कायदा झाला. सरकारी बांधकामावर त्या भागात चालणाऱ्या दरापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही, असे तो सांगतो. 1956 पासून तो तिथल्या आंतरराज्य महामार्गांनाही लागू झाला. जिथे संघटना मजबूत होत्या तिथे प्रचलित दर म्हणजे संघटनेने लढून घेतलेला दर, म्हणून त्याचा मजुराला फायदा झाला. पण या कायद्याचा जन्म कसा झाला? न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडला सरकारी रुग्णालय बांधायला अलाबामाच्या कंत्राटदाराने दक्षिणेतले काळे मजूर स्वस्तात आणले, आणि बेकन यांच्या मतदारसंघातले स्थानिक खवळले. संसदेतल्या चर्चेत काळ्या मजुरांचा उल्लेख उघडपणे झाला. त्यांना चांगली मजुरी मिळावी ही तळमळ त्यात नव्हती, त्यांनी इथे येऊ नये ही होती.

हे आम्ही का सांगतो? कारण आपल्याकडेही महामार्गावर झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशची पोरे दिसली की "बाहेरच्यांना हाकला" अशी घोषणा देणारे लगेच हजर होतात, आणि आपली काही पोरे त्यांच्यामागे जातात. मित्रांनो, ती पोरे कोण आहेत? त्यांचे आडनाव विचारा, गावातले घर कुठल्या टोकाला आहे ते विचारा. त्यांना हाकलून आपली हजेरी वाढणार नाही. त्यांना आपल्याइतकीच हजेरी मिळाली, तर कंत्राटदाराला त्यांना आणून आपला दर पाडता येणार नाही. पूर्वीच्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात अशा मजुराला विस्थापन भत्ता होता. नव्या संहितेत तो गायब झाला आणि त्यावर आपल्या एकाही व्यासपीठावरून चकार शब्द निघाला नाही.

नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. 1948 चा किमान वेतन कायदा त्यात विरून गेला. कंत्राटी कामगार कायद्यातली 20 मजुरांची अट आता 50 वर गेली आहे, म्हणजे 49 जणांची टोळी नेणारा मुकादम परवान्याच्या कटकटीतून मोकळा. पण हातात काहीच उरले नाही असेही नाही. थकलेल्या किमान वेतनाच्या दाव्याची मुदत पूर्वी सहा महिने होती, ती आता तीन वर्षे आहे. असा दावा नोंदणीकृत कामगार संघटनाही आपल्या सभासदाच्या वतीने करू शकते. कंत्राटदाराने मजुरी बुडवली किंवा कमी दिली तर ती भरून देण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे ज्याचा रस्ता त्याची. बाईला त्याच कामासाठी कमी पैसे देणे हा तर आता आणि पूर्वीही कायदेभंगच.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेब बोलले. अस्पृश्य माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो, साधा पोर्टरही होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात वावरावे लागते, हे त्यांनी तिथे मांडले. आज पेव्हर मशीनवर कोण बसतो आणि मशीनपुढे फावडे घेऊन कोण उभा असतो, ते एकदा रस्त्यावर उभे राहून पाहा. पंधरा वर्षे डांबरात हात भाजलेली बाई कागदावर 'अकुशल'च असते. तिच्या 'अकुशल' असण्यात किती कौशल्याचा अभाव आहे आणि किती जात आहे?

जयंतीची वर्गणी, मिरवणूक, विहाराची जागा, या सगळ्यांत आम्हीही असतो आणि त्याची आम्हाला लाज नाही. पण जयंतीची वर्गणी देणारा हात कुणाच्या रस्त्यावर किती रुपयांनी राबतो, हे शाखेच्या बैठकीत आम्ही कधी विचारले नाही. या तालुक्यातल्या प्रत्येक शाखेने एक तरी रस्ता निवडावा. त्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे चार गोष्टी मागाव्यात. मंजूर अंदाजपत्रक व दर-विश्लेषणाची प्रत, त्यात धरलेला अकुशल मजुराचा दर, कंत्राटदार व पोटकंत्राटदारांची नावे, आणि मजुरी दिल्याचे नोंदपत्रक. "कंत्राटदार खासगी आहे" असे उत्तर आले तर माहिती अधिकार कायद्याचे कलम 2(फ) दाखवावे. ज्या खासगी संस्थेची माहिती सरकार दुसऱ्या कायद्याने मागवू शकते, ती माहितीही त्यात येते. मग नोंदपत्रक घेऊन त्या मावशींकडे जावे आणि कागदावर त्यांच्या नावापुढे किती रुपये लिहिलेत ते त्यांना वाचून दाखवावे.

अर्ज मराठीत चालतो. उत्तराची मुदत 30 दिवस. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असेल तर तेही नाही.