अर्धी पदवी कीं पहिली पायरी?

अमेरिकेंतील लहान कॉलेजांत हिशेबशास्त्राची ‘असोसिएट’ ही दोन वर्षांची पदवी मिळते. तिकडे गेलेल्या लेकीसुनांपैकीं कोणी ती घेऊं म्हटलें, कीं घरांतील वडील मंडळी ‘अर्धीच पदवी ना!’ म्हणून नाक मुरडतात. हें आम्हांस पटत नाहीं. सुमारें ६० क्रेडिटांच्या (क्रेडिट म्हणजे येथें अभ्यासाचें माप, जमा नव्हे) ह्या क्रमांत रोजकीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद पक्के होतात. जुन्या पेढीवरील जमा-नांवें तेंच, वही तेवढी संगणकांत गेली. शुल्कही विद्यापीठाहून बहुधा पुष्कळ कमी.

अडचण आहे ती निराळीच. ह्या पदवीच्या दोन जाती आहेत. ‘अप्लाइड सायन्स’ म्हणून जी असते ती थेट हिशेबनिसाच्या नोकरीसाठीं. दुसरी पुढें विद्यापीठांत जाण्यासाठीं. पहिलीचे कित्येक विषय विद्यापीठें मान्य करीत नाहींत, आणि मग तोच अभ्यास, तीच फी पुन्हां! सी. पी. ए.च्या परवान्यास तर सामान्यतः चार वर्षांची पदवी लागतेच. तेव्हां आपले कोणते विषय स्वीकारले जातील, हें मुलीनें नांव घालण्यापूर्वींच पुढच्या विद्यापीठाकडून लेखी मागवावें. कॉलेजांतील तोंडी आश्वासनावर विसंबूं नये.