भट्टी आणि अणुभट्टी

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद यांस,


कोल्हापुरास माझ्या भाच्याची एक लहानशी ओतशाळा असून तिच्या दायित्व-विम्याच्या नूतनीकरणाचे कागद तो दरवर्षी माझ्याकडे वाचावयास पाठवितो. याचे कारण मी विमाशास्त्रात पारंगत आहे हे नसून, बारीक टाइपातला मजकूर शेवटपर्यंत वाचण्याइतकी फुरसत आमच्या घराण्यात एकट्या माझ्याच वाट्याला आली आहे, एवढेच आहे. यंदा त्याने एका कलमाखाली पेन्सिलीने रेघ ओढून बाजूस लिहिले होते : ‘मामा, आपली भट्टी आहे खरी, पण अणुभट्टी कुठे आहे?’ कोणत्याही उगमापासून होणाऱ्या किरणोत्सर्गामुळे, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, उद्भवणारे कसलेही दायित्व कंपनी पत्करणार नाही, असा त्या कलमाचा आशय होता.

या कलमाची कुळकथा मला ठाऊक आहे आणि तिच्याविषयी माझी हरकत नाही. अमेरिकेत खासगी वीजकंपन्यांनी अणुभट्ट्या उभारण्याचा काळ आला तेव्हा, ज्या अपघाताचा पूर्वानुभव नाही, ज्याच्या हानीला माप नाही आणि जो एकाच दिवशी हजारो विमापत्रांवर दावे उभे करील, त्याचा हप्ता आकारावा तरी कशाच्या आधारावर, या पेचातून तेथील विमाधंद्याने मार्ग काढला तो असा, की सर्वसाधारण विमापत्रांतून ही जोखीम साफ वगळावी, तिच्यासाठी सर्व कंपन्यांनी मिळून एक वेगळी सामायिक थैली करावी, आणि थैलीला न पेलणारा भार 1957 च्या प्राइस-अँडरसन कायद्याच्या आधारे सरकारने उचलावा. आपल्याकडेही 2010 च्या कायद्याने अणुवीजकेंद्राच्या चालकाचे दायित्व 1500 कोटी रुपयांपर्यंत मुक्रर केले आणि 2015 साली तेवढ्याच रकमेचा भारतीय अणुविमा पूल उभा राहिला. म्हणजे तारापूरच्या अणुवीजकेंद्राशेजारच्या बागाईतदाराच्या विमापत्रात हे कलम आढळले, तर त्याला दाद मागण्यास दुसरे दार आहे असे सांगता येण्याची सोय तरी झाली. वगळणुकीचे सारे नैतिक समर्थन त्या दुसऱ्या दारावर उभे आहे.

माझ्या भाच्याला ते दार नाही. त्याच्याकडे किरणोत्सर्ग आलाच तर अणुभट्टीतून येणार नाही. भंगाराच्या ट्रकमधून येईल. ही माझी म्हातारपणची भीती नव्हे. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांच्या पोलादात कोबाल्ट-60 सापडले आणि त्याचा माग काढीत तपास थेट महाराष्ट्रातल्या एका ओतशाळेपर्यंत येऊन पोहोचला. 2010 साली दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेले एक जुने विकिरणयंत्र मायापुरीच्या भंगारबाजारात फोडले गेले, त्यात एकजण प्राणास मुकला आणि कित्येकांना इस्पितळात दाखल व्हावे लागले. कोबाल्टला ना गंध ना वेगळा रंग. ते वितळलेल्या पोलादात निमूटपणे मिसळून जाते, त्याचा जोर निम्मा होण्यास सव्वापाच वर्षे लागतात, आणि मापकयंत्र दारात नसेल तर माल परदेशच्या बंदरात अडविला जाईपर्यंत ओतणाऱ्याला त्याची खबरही लागत नाही.

आता अशा प्रसंगी कायदा काय म्हणतो ते पाहावे. 2010 चा कायदा होता तो अणुकेंद्रांपुरता. उद्योगात वा वैद्यकात वापरावयाचे कोबाल्ट-60 सारखे तयार किरणोत्सारी समस्थानिक त्याने व्याख्येतच बाहेर ठेवले. भोपाळच्या चितेतून जन्मास आलेला 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा पाहावा, तर त्याने ‘अपघात’ या शब्दाची व्याख्या करतानाच केवळ युद्ध अथवा किरणोत्सर्ग या कारणाने घडलेला अपघात वगळला आहे. (त्यातील ‘केवळ’ या एका शब्दावर वकीलवर्गाच्या दोन पिढ्या सहज पोसल्या जातील.) आणि राहिलेले तिसरे दार, म्हणजे स्वतःच्या खिशातून हप्ता भरून घेतलेले विमापत्र, त्याला हे पेन्सिलीने अधोरेखित केलेले कुलूप! जो धोका कोट्यवधींच्या अणुकेंद्रासाठी निराळा काढला, त्याच्या नावाखाली एका भंगाराच्या तुकड्याची जोखीमही निराळी काढली गेली, आणि ती नेऊन कोठे ठेवली, याचा खुलासा कोणत्याच दस्तऐवजात नाही.

हे अटळ आहे असेही नव्हे. लंडनच्या सागरी विम्याच्या बाजारात चालणारे किरणोत्सर्गाचे कलम मी मुद्दाम मिळवून वाचले. तेही कठोरच आहे. परंतु अणुइंधन सोडून इतर समस्थानिक व्यापारी, शेतकी, वैद्यकीय, शास्त्रीय वा तत्सम शांततामय कामासाठी तयार केले जात, नेले जात, साठविले वा वापरले जात असतील, तर किरणोत्सारी द्रव्यांविषयीची वगळणूक त्यांना लागू नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. लासलगावच्या कांद्याला आणि वाशीच्या मसाल्याला कोबाल्टचे किरण देणाऱ्या या देशात एवढी विवेकाची ओळ आपल्या मसुद्यांत बसू नये, हे मला समजत नाही.

तेव्हा विनंती अशी, की किरणोत्सर्गाची वगळणूक अणुकेंद्र आणि अणुइंधन यांच्यापुरतीच राहील असा हुकूम विमा कंपन्यांना फर्मावावा. आणि भंगारातून नकळत आलेल्या समस्थानिकाची जोखीम, दारात मापकयंत्र बसविण्याच्या अटीवर व जादा हप्ता घेऊन का होईना, पत्करण्याची तरतूद करावी. भाच्याच्या विमापत्राची मुदत 31 मार्च रोजी संपते. तत्पूर्वी आपले उत्तर आल्यास ते त्याच्या प्रश्नाखाली चिकटवून मी कागद परत पाठवीन. कळावे.

आपला नम्र,
एका विमेदाराचा मामा