चित्राला ‘नाही’ म्हणता येते काय?

‘माणूस आला नाही’ हे लिहिता येते; त्याचे चित्र काढता येत नाही. रिकामी खुर्ची काढली तरी ती कोणाची, हे शब्दांनीच सांगावे लागते. म्हणून भित्तिपत्रके रंगविणारे कार्यकर्ते प्रतिपक्षाच्या चेहऱ्यावर तांबडी फुली मारतात आणि निषेध झाला असे समजतात. वस्तुतः फुलीखालचा चेहराच लोकांच्या ध्यानात राहतो. फुकटची प्रसिद्धी, दुसरे काय!

जर्मन कलावंत जॉन हार्टफील्ड याने निराळी वाट काढली. ऑक्टोबर १९३२ मध्ये ‘ए. आय. झेड.’ या कामगार साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याने हिटलरचे छायाचित्र योजिले. फुली नाही, विद्रूपीकरण नाही. सलामीसाठी मागे वळलेला हात तसाच ठेवला. फक्त त्या तळव्यावर नोटा ठेवणारा, चेहरा न दिसणारा अजस्र धनिक पाठीमागे उभा केला. सोबत हिटलरचीच घोषणा: लक्षावधी माझ्या पाठीशी आहेत. लक्षावधी माणसे की लक्षावधी मार्क? येथे नकार चित्रात नाही, शब्दांतही नाही. दोहोंच्या विसंगतीतून तो वाचकाच्या मनात उमटतो, आणि म्हणूनच तो पुसणे कठीण.

अर्थात चित्र आरोप करते, हिशेबाची वही दाखवीत नाही. १९३२ पर्यंत नाझी पक्षाचा बराचसा पैसा सभासदांच्या वर्गणीतून येत होता, हे इतिहासकारांचे म्हणणे नजरेआड करता येणार नाही. उद्योगपतींनी बर्लिनमधील बैठकीत निवडणूक निधीला हात दिला तो फेब्रुवारी १९३३ मध्ये. त्यानंतर दोन महिन्यांत हार्टफील्डला प्रागला पळावे लागले.